विंगेतून : दार आतून बंद होतं

गेल्या महिन्यात बालनाट्यातल्या बोलणाऱ्या मुंडक्याच्या टेबलाबद्दल लिहिताना मी 'जोनाथन क्रीक' या ब्रिटिश मालिकेचा दोन ओळींत उल्लेख केला होता. जादूगारासाठी पडद्यामागे बसून प्रयोग रचणारा एक तरुण, आणि त्याच्यापुढे येऊन पडणारे अशक्य वाटणारे गुन्हे. पत्रं मुंडक्याबद्दल येतील असं वाटलं होतं. आली ती बहुतेक या मालिकेबद्दल. म्हणून या वेळचं सदर तिलाच देते. पत्रं जागेअभावी थोडी कापली आहेत. नवीन वाचकांसाठी एवढंच सांगते, की मी बावीस वर्षं नाटकांची प्रॉपर्टी सांभाळली आहे आणि जे लिहिते ते विंगेत उभं राहून पाहिलेलं आहे.

ताई, मुलगा लेस्टरला असतो. थंडीत सहा महिने त्याच्याकडे होतो. बाहेर पडवत नसे, म्हणून सूनबाईंनी ही मालिका लावून दिली. इंग्रजी सगळं कळलं नाही, तरी बारा-तेरा भाग पाहिले. आता एक प्रश्न डोक्यातून जात नाही. पेपरात खुनाची बातमी आली की मी पान उलटतो. मग इथे प्रेत सापडलं की मी खुर्ची पुढे ओढून का बसतो? माझ्यात काही बिघडलंय का? — निवृत्त पोस्टमास्तर, मिरज

काका, काही बिघडलेलं नाही. पेपरातल्या खुनात 'का' हा प्रश्न असतो, आणि त्याला माणसाच्या मनाला पटेल असं उत्तर नसतं. म्हणून तुम्ही पान उलटता, ते बरोबरच करता. या मालिकेत पहिल्या पाच-दहा मिनिटांत प्रश्न बदलतो. 'का' मागे पडतं आणि 'कसं' पुढे येतं. 'कसं'पुढे आपण हतबल नसतो, विचार करू शकतो. खुर्ची पुढे ओढली जाते ती विचार करायला.

तुम्ही पाहिलेला तो बंकरचा भाग आठवा, पहिल्या वर्षातला, 1997चा. एक म्हातारा विनोदी नट जमिनीखालच्या अणुबाँबपासून वाचवणाऱ्या बंकरमध्ये गोळी लागून मेलेला सापडतो. दार आतून बंद. म्हणजे आत्महत्या. पण त्याची बोटं संधिवाताने इतकी वाकडी झालेली, की पिस्तुलाचा घोडा ओढणं त्याला शक्यच नाही. दोन वाक्यांत दोन्ही वाटा बंद! दुसऱ्याने मारलं तर तो बाहेर कसा पडला? स्वतः मारून घेतलं तर बोट कसं वळलं? मी तो भाग पहिल्यांदा पाहिला तेव्हा दूध उतू गेलं होतं आणि मला वासही आला नव्हता.

आणखी एक गोष्ट तुम्हाला भावली असणार, तुम्ही लिहिली नसली तरी. हा माणूस हिरो नाही. स्टेजवर टाळ्या घेणारा ॲडम क्लाउस वेगळा. जोनाथन डफलकोट घालून मागे उभा असतो, राहतो पवनचक्कीत, आणि दुसऱ्याच्या नावावर खपणारे प्रयोग घडवतो. ॲलन डेव्हिसने ही भूमिका केली ती कसलाही आव न आणता. ती पवनचक्की खरी आहे, वेस्ट ससेक्समधल्या शिपली गावातली. सोबत असते मॅडी मॅगेलन, चुकीच्या शिक्षा झालेल्यांची प्रकरणं उकरून काढणारी पत्रकार. कॅरोलिन क्वेंटिनने तिला जी धसमुसळी ऊब दिली तिला तोड नाही. दोघांची भांडणं ऐकताना आपल्याला घरातल्यासारखं वाटतं. लेखक डेव्हिड रेनविक मुळात विनोदी मालिकांचा माणूस. मला यात फार अर्थ दिसतो. विनोद लिहिणाऱ्याला ठाऊक असतं, की शेवटी हशा हवा असेल तर त्याची वस्तू पहिल्या प्रवेशात सगळ्यांसमोर, कुणाचं लक्ष जाणार नाही अशी ठेवावी लागते. रहस्याचंही अगदी तसंच आहे.

मालिका आवडते, पण दर वेळी शेवटी हिरमोड होतो. उलगडा झाला की 'हात्तिच्या, एवढंच!' असं वाटतं. मग हे सगळं बघण्यात अर्थ काय? — शिक्षिका, नाशिक

हा हिरमोड मी रोज पाहिला आहे, त्यामुळे याचं उत्तर जरा लांबणार.

ते मुंडक्याचं टेबल म्हणजे काय होतं? तीन पायांचं लाकडी टेबल, एक पाय पुढे, दोन मागे. पुढच्या पायापासून मागच्या दोन पायांपर्यंत तिरके बसवलेले दोन आरसे. त्या आरशांत दिसतो बाजूचा काळा पडदा, पण प्रेक्षकांना वाटतं आपण टेबलाखालून आरपार मागचा काळा पडदा बघतो आहोत. आरशांमागे नट गुडघ्यांवर बसलेला आणि त्याचं डोकं टेबलावरच्या पेटीत. युक्ती आमची नव्हे. 1865 साली लंडनच्या इजिप्शियन हॉलमध्ये स्टोडेर या जादूगाराने ती 'स्फिंक्स' नावाने दाखवली होती. कल्पना थॉमस टोबिनची.

प्रयोग संपला की मुलं विंगेत घुसायची. आम्ही टेबल दाखवायचो. "आरसाच तर आहे!" म्हणत ती दोन मिनिटांत पांगायची. एकदा एक आठ-नऊ वर्षांची मुलगी मागे राहिली. खूप वेळ टेबलाकडे बघत होती. मग म्हणाली, "मग मावशी, तुम्ही मगाशी टेबलाशेजारून गेलात तेव्हा आरशात तुमचे पाय का नाही दिसले?"

मी तिला स्टेजवर नेलं आणि खडूची रेष दाखवली. टेबलाच्या दोन्ही बाजूंना मी रोज प्रयोगाआधी ती ओढायचे. त्या रेषेच्या आत पाऊल पडलं, की कडेच्या खुर्चीवर बसलेल्याला आरशात पाय दिसलाच म्हणून समजा. राक्षसापासून राजापर्यंत सगळ्या नटांना ती रेष पाठ होती. मग तिला पडदे दाखवले. बाजूचा आणि मागचा पडदा एकाच ताग्यातून फाडलेला, कारण दोन ताग्यांतला काळा रंग दिव्याखाली एकसारखा दिसत नाही. मग आरसा दाखवला. तो प्रत्येक प्रयोगाआधी ओल्या वर्तमानपत्राने पुसायचा, कारण अंगठ्याचा एक ठसा उमटला की तिथे काच आहे हे बाराव्या रांगेपर्यंत कळतं. ती मुलगी पांगली नाही. तिला आईने हाताला धरून न्यावं लागलं.

बाई, 'आरसा' हे उत्तराचं नुसतं नाव आहे. उत्तर म्हणजे रेष, तागा आणि ठसा. मालिकेतल्या उलगड्यातही नाव ऐकून थांबलात तर हिरमोड होणारच. पुढच्या वेळी उलगडा झाला की लगेच टीव्ही बंद करू नका. खुन्याने यासाठी किती दिवस आधी काय केलं असेल, कोणत्या क्षणी सगळं फसलं असतं आणि ते फसू नये म्हणून त्याने काय सांभाळलं, एवढा विचार करा आणि तोच भाग पुन्हा सुरुवातीपासून लावा. मला स्वतःला पहिल्यापेक्षा दुसऱ्यांदा बघण्यात जास्त सुख मिळतं. पहिल्यांदा आपण प्रेक्षागृहात असतो आणि दुसऱ्यांदा विंगेत.

न सांगितलेल्या उलगड्याचं काय होतं हेही ब्रिटिश टीव्हीनेच एकदा दाखवलं आहे, आणि ते घडवणारा माणूस आपल्याकडचा होता. 9 एप्रिल 1956. बीबीसीच्या 'पॅनोरामा' कार्यक्रमात जादूगार पी. सी. सरकार यांनी आपल्या सतरा वर्षांच्या सहायिकेला टेबलावर झोपवलं आणि फिरत्या करवतीने तिला मधोमध कापलं. मग तिला जागं करायला गेले. ती हलेना. तेवढ्यात निवेदक रिचर्ड डिंबलबी कॅमेऱ्यासमोर आले आणि कार्यक्रम संपल्याचं सांगून निरोप घेतला. थेट प्रक्षेपण होतं, वेळ संपली होती. मुलीचा खून डोळ्यांदेखत झाला असं समजून लोकांनी बीबीसीला इतके फोन केले, की लाइन मोकळी मिळेना. मुलगी धडधाकट होती. सरकार यांचे प्रयोग तेव्हा लंडनच्या ड्यूक ऑफ यॉर्क्स थिएटरला लागणार होते आणि दुसऱ्या दिवसाच्या पेपरांनी त्यांची जाहिरात फुकटात केली. वेळ संपली की संपवली, यावर अजून बोललं जातं. मला विचाराल तर ज्याने आयुष्यभर सेकंदा-सेकंदाचा हिशेब केला, त्याचा त्याच दिवशी हिशेब चुकेल हे मला पटत नाही.

मी बारावीत आहे. खुनी कोण ते मी बहुतेक वेळा ओळखते (ओळखीचा नट छोट्या भूमिकेत दिसला की तोच!) पण 'कसं' कधीच ओळखता येत नाही. काही युक्ती आहे का? — रत्नागिरी

आहे, पण त्यासाठी मोबाइल बाजूला ठेव आणि वही घे. पानाचे दोन भाग कर. एकावर लिही 'पाहिलं', दुसऱ्यावर 'वाटलं'.

उदाहरण म्हणून 1998च्या नाताळातला 'ब्लॅक कॅनरी' हा खास भाग घे. उलगडा सांगत नाही, फक्त मांडणी सांगते. एक निवृत्त स्त्री जादूगार. बाहेर बर्फ पडलेलं. नवरा खिडकीतून बघतो: ती बागेत एका लंगडणाऱ्या माणसाशी बोलते आहे, मग ती स्वतःवर बंदूक झाडते. धावत जाऊन बघतात तर बर्फात त्या माणसाच्या पावलांचा मागमूस नाही. त्याहून भयंकर म्हणजे शवविच्छेदनात कळतं, की ती कित्येक तास आधीच मेलेली होती.

आता वही. नवऱ्याने 'पाहिलं' काय? खिडकीच्या काचेतून, लांबून, काही आकृत्या आणि त्यांच्या हालचाली. बाकी सगळं 'वाटलं' या भागात जायला हवं: ती कोण, तो कोण, काय बोलले, कधी घडलं. तू पाहताना हे सगळं पहिल्या भागात लिहून टाकतेस, कारण दिग्दर्शक तुला तसं लिहायला लावतो. कुलूपबंद खोली भिंतींनी बंद होत नाही, ती तुझ्या या नोंदींनी बंद होते.

त्यानंतर प्रत्येक नोंदीला विचार: हे कुणी सांगितलं? दार आतून बंद होतं हे दार फोडणाऱ्यानेच सांगितलं का? किंकाळी ऐकू आली तेव्हाच खून झाला हे कशावरून? आत गेलेला आणि बाहेर आलेला माणूस एकच, की नुसते कपडे एकच? जॉन डिक्सन कार या कुलूपबंद खोल्यांच्या बादशहाने 1935मध्ये एका कादंबरीत आख्खं प्रकरण याच प्रकारांच्या यादीला दिलं. गोष्ट थांबवून त्याचा जाडजूड गुप्तहेर श्रोत्यांना सांगतो, की बंद खोलीतला खून कोणकोणत्या प्रकारे होऊ शकतो. एवढी सगळी गुपितं आधीच फोडूनही तो वाचकाला शेवटी चकवतोच. तुझ्या वयाला ते प्रकरण फार आवडेल.

आणि नटावरून खुनी ओळखतेस ते चूक नाही. नजर आहे तुला. ती फक्त चेहऱ्यावरून वस्तूंकडे वळव.

'डेथ इन पॅरडाइज' या मालिकेतलं सेंट मेरी बेट खरं आहे का? नवऱ्याने तिकडे जायचा हट्ट धरलाय. — ठाणे

बेट काल्पनिक. चित्रीकरण मात्र कॅरिबियनमधल्या ग्वादलूप या फ्रेंच बेटावर, देशे नावाच्या गावात होतं. तेव्हा जायला हरकत नाही.

तुमच्या घरी क्रिकेट बघत असतील तर त्यांना हे सांगा. 2007चा वर्ल्ड कप आठवतो ना? 17 मार्चला आपण बांगलादेशकडून हरलो, त्याच दिवशी जमैकात पाकिस्तान आयर्लंडकडून हरला, आणि दुसऱ्या दिवशी पाकिस्तानचे प्रशिक्षक बॉब वूल्मर हॉटेलच्या खोलीत मृतावस्थेत सापडले. पोलिसांनी आधी खून म्हटलं, पुढे नैसर्गिक मृत्यू म्हटलं, आणि चौकशीत शेवटी कुठलाच ठाम निर्णय दिला गेला नाही. त्या तपासात मदतीला लंडनहून स्कॉटलंड यार्डची माणसं गेली होती. ती बातमी वाचताना लेखक रॉबर्ट थॉरोगुडला सुचलं, की उन्हाळी बेटावर कोट-टाय घातलेला इंग्रज पोलीस पाठवला तर? त्यातून 2011मध्ये मालिका सुरू झाली. पहिल्याच भागात बाहेरून उघडताच येणार नाही अशा खोलीत पोलीस अधिकाऱ्याचं प्रेत आहे आणि शस्त्र गायब. बेन मिलरचा तो चहासाठी तळमळणारा, वाळूला वैतागणारा अधिकारी मला नंतरच्या सगळ्यांपेक्षा जवळचा वाटतो. त्या वूल्मरांच्या घरच्यांसाठी मात्र ते कोडं नव्हतं. मालिकेने त्यांचं दुःख उचललं नाही, फक्त प्रवास उचलला, हे मला तिचं मोठेपण वाटतं.

प्रत्येक भागात आधी भूत, शाप, सांगाडा असं काहीतरी का असतं? शेवटी माणूसच निघणार हे ठाऊक असताना हा खटाटोप कशाला? — लातूर

तुमच्या पत्रावर लातूर वाचलं आणि मला माझं आजोळ आठवलं. मी सातवीत असताना तिथे शेजारच्या घरात भानामती झाल्याचा गवगवा झाला. बंद कपाटातले कपडे फाटायचे, पत्र्यावर दगड पडायचे. मांत्रिक आला, कोंबडं गेलं, पैसे गेले. एक तरुण मास्तर तेवढा शांतपणे विचारत राहिला: कपडे फाटले तेव्हा घरात कोण होतं? किल्ली कुणाकडे असते? चार दिवसांत कळलं, की त्या घरातली नवी सून हे करत होती. तिला माहेरी जाऊ देत नव्हते. मास्तरांनी तिचं नाव चारचौघांत घेतलं नाही. तिला माहेरी पाठवायला लावलं आणि दगड थांबले.

अंधश्रद्धा निर्मूलनाचं काम करणाऱ्यांकडून पुढे मी अशा कितीतरी हकिकती ऐकल्या. दर वेळी घरातलाच हात, आणि बहुतेकदा त्या हाताला बोलायची सोय नसलेली.

म्हणून मला तो सांगाडा हवा असतो. 'जोनाथन क्रीक'च्या 'दान्स माकाब्र' या भागात सांगाड्याच्या वेषातला खुनी एका मुलीला ओढत गॅरेजमध्ये नेतो, पोलीस गॅरेजला वेढा घालतात, दार उघडतात, आत एकटी मुलगी. सां-सांस या फ्रेंच संगीतकाराच्या ज्या रचनेवरून भागाचं नाव आहे, तीच मालिकेची सुरुवातीची धून आहे, मृत्यूच्या नाचाची. त्या क्षणी मी पन्नाशी ओलांडलेली बाई आजोळच्या माजघरात जाऊन पोचते आणि पत्र्यावरचा आवाज ऐकते. मग जोनाथन विचारायला लागतो, कोण कुठे उभं होतं, कुणी काय पाहिलं. भीती खरी वाटल्याशिवाय त्या प्रश्नांची किंमत कळत नाही. तुम्ही खटाटोप म्हणता, पण माझ्या मते मालिकेचं अर्धं काम तोच करतो.

सगळे भाग बघावेत का? — तीन-चार पत्रांत हाच प्रश्न

'जोनाथन क्रीक'चे 1997 ते 2016 या काळात मिळून बत्तीस भाग आहेत. मॅडी असलेली पहिली तीन वर्षं सलग बघा. त्यातल्या पहिल्याच भागात चित्रकाराचा खून होतो आणि त्याची बायको त्या सगळ्या वेळात स्वतःच्या ऑफिसमध्ये, दाराबाहेर सेक्रेटरी बसलेली. तिथूनच सुरुवात करा. 2009चा 'द ग्रिनिंग मॅन' चुकवू नका. ज्या खोलीत रात्र काढणारा सकाळी नाहीसा झालेला असतो त्या खोलीची गोष्ट आहे ती. 2014चे तीन भाग मला दुखवून गेले. जोनाथनचं लग्न झालेलं, पवनचक्की सुटलेली, जादू सोडून तो नोकरीला लागलेला. पहिल्या भागात तर खून कसा झाला हे आपल्याला आधीच दाखवून टाकतात. रेनविकने नवी वाट धरली असेल, तिचा मान ठेवते, पण माझ्या हातून वही काढून घेतल्यासारखं झालं.

आमच्या शाळेच्या स्नेहसंमेलनात मुंडक्याचं टेबल करायचं आहे. आरसे कुठले वापरावेत? — कलाशिक्षक, चिपळूण

मुलांच्या आसपास काच नको. ॲक्रिलिकचा आरसा घ्या, पण नुसता लावू नका. तो वाकतो आणि वाकला की पडदा लाटेसारखा दिसतो. आधी प्लायवूडवर सपाट चिकटवा. दोन्ही आरसे बाजूंना पंचेचाळीस अंशांत, सांधा पुढच्या पायाच्या बरोबर मागे. टेबल प्रेक्षकांपासून निदान पंधरा फूट मागे ठेवा आणि दिवा वरून, टेबलाखाली थेट उजेड पडणार नाही असा लावा. तालमीत एका मुलाला डाव्या कडेच्या खुर्चीवर आणि एकीला उजव्या कडेच्या खुर्चीवर बसवा आणि दुसऱ्या कुणाला तरी टेबलाकडे हळूहळू चालत यायला सांगा. कडेच्या दोघांपैकी कुणीही "पाय दिसला" म्हणून ओरडलं, की जिथे असेल तिथेच थांबवा आणि त्या जागी खडूची रेष ओढा. ॲक्रिलिक वर्तमानपत्राने पुसू नका, चरे पडतात. जुनं मऊ सुती धोतर मिळालं तर उत्तम.

आत बसणाऱ्या मुलाच्या गुडघ्यांखाली उशी द्यायला विसरू नका. आमच्या नटाने ती पहिल्या तीन प्रयोगांत मागितली नव्हती, आणि चौथ्या प्रयोगात मुंडकं आपलं वाक्य सोडून कळवळलं होतं.